बोर्ड गेला नव्हता

फोन बंद पडला तो पितृपक्षात. सकाळी सातच्या सुमारास झेंडूच्या सरीत उभी राहून मी कमरेला खोचलेला फोन काढला, वरचं बटण दाबलं, आणि पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं. बराच वेळ दाबून धरलं. बॅटरी काढली, पदराला पुसली, परत बसवली. काही नाही. आदल्या संध्याकाळीच मी तो पूर्ण चार्ज केला होता.

साल दोन हजार आठ की नऊ, आता नक्की सांगता येणार नाही. त्या फोनला आज कोणी स्मार्टफोन म्हणणार नाही, पण विकणाऱ्याने तोच शब्द वापरला होता. कॅमेरा चांगला, मेल जातो, इंटरनेट चालतं. नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या खालच्या अंगाला आमची शेती. भाजीपाला आणि फुलं. घरात सासूबाई, मोठे दीर आणि त्यांचं कुटुंब, मी आणि माझे मिस्टर. फुलं पूर्वी सगळी शहरातल्या बाजारात जायची आणि तो व्यवहार मोठे दीर बघायचे. आदल्या वर्षी गावातल्या एका लग्नाच्या मंडपासाठी ठाण्याहून एक बाई आल्या होत्या, सजावटीचं काम करणाऱ्या. त्यांनी आमची शेवंती पाहिली आणि मला विचारलं, "मला थेट पाठवाल का? रोज सकाळी फोटो टाकत जा, फूल बघून मी किती क्रेट पाहिजेत ते सांगेन." मी हो म्हणाले. घरात कोणाला विचारायच्या आधी म्हणाले. फोन त्यासाठी घेतला होता, आणि माझ्या फुलांच्या पैशांवर घेतला होता.

मोठे दीर माझ्याशी थेट बोलत नसत. आमच्याकडे ती पद्धतच होती. मला काही सांगायचं असलं की ते सासूबाईंकडे तोंड करून बोलायचे आणि मी चुलीपाशी उभी राहून ऐकायचे. त्या दिवशी दुपारी जेवताना ते म्हणाले, "आई, तिला म्हणावं, त्या ठाण्यावालीचा नंबर दे माझ्याकडं. दसरा तोंडावर आलाय. मी बघतो काय ते."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी उलटली.

माझं सिमकार्ड मिस्टरांच्या साध्या फोनमध्ये घातलं, तेव्हा कळलं की नंबर सगळे फोनमध्ये साठवलेले होते, कार्डात एकही नव्हता. संध्याकाळी त्या बाईंचाच फोन आला म्हणून बरं. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, राग मानू नका, पण माल बघितल्याशिवाय मला दसऱ्याचं सांगता येणार नाही. मंगळवारी सकाळपर्यंत फोटो आले तर ठीक, नाही तर मी पुण्याच्या माणसाला सांगते."

तो शुक्रवार होता.

मिस्टर म्हणाले, "दादाच्या फोनला कॅमेरा आहे. दोन दिवस घेऊ."

"नको."

"अगं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दोन दिवसांचा नाही," मी म्हणाले. "त्यांचा फोन घेतला की बाईंचा नंबर त्यांच्या फोनमध्ये जाणार. मग फुलं परत तिकडंच."

ते स्वभावाने गरीब. भांडणाच्या जागेवरून हळूच उठून जाणारे. तेव्हाही उठून गायीला वैरण टाकायला गेले.

शनिवारी मी शहरात गेले, एकटी. कंपनीचं सर्व्हिस सेंटर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. काचेचा दरवाजा, एसी, टोकन देणारं यंत्र. काउंटरमागचा माणूस तिशीच्या आतला असेल, गळ्यात टाय. त्याने फोनचं मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली आणि आतला एक छोटा कागदी ठिपका मला दाखवला. तो ठिपका पांढरा असायला हवा होता, लाल झाला होता.

"वॉटर डॅमेज," तो म्हणाला. "बोर्ड गेला. वॉरंटीत बसत नाही."

"पाण्यात पडलेला नाही हा फोन."

"सगळे असंच म्हणतात मॅडम."

"मी माझ्या फोनचं सांगतेय. माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही त्याला."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या नखांत झेंडूच्या पानांचा हिरवा-काळा रंग बसलेला होता, तो कितीही घासला तरी हंगामात जात नाही. "शेतावर नेता ना?" तो म्हणाला. "विहीर असते, पाट असतो. पडला असेल, लक्षात नसेल."

"बोर्ड गेला म्हणता, पण तुम्ही उघडला कुठे? नुसतं झाकण काढलंत. बॅटरीचं व्होल्टेज मोजलं का? स्विच बघितला का?"

तेव्हा तो हसला. वाईट हसला असं नाही, लहान मुलाच्या बोलण्यावर हसतात तसा हसला. "तुम्ही असं करा, मिस्टरांना पाठवा. मी त्यांना समजावून सांगतो."

माझ्यामागे पाच-सहा माणसं टोकन घेऊन बसली होती. मला आठवतं, माझे कान गरम झाले. मी म्हणाले, "मिस्टरांना यातलं काही कळत नाही. मला कळतं. लिहून द्या जे म्हणताय ते." त्याने कागद छापला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, पाण्याने नुकसान, बोर्ड निकामी, दुरुस्ती शक्य नाही. खाली मी सही करायची जागा होती. मी सही केली नाही. कागद घेतला, फोन घेतला आणि जिना उतरले.

'मला कळतं' हे मी रागाच्या भरात बोलले खरं, पण ते खोटं नव्हतं. फक्त फार जुनं होतं.

माझं माहेर निफाडकडचं. वडील वायरमन. घरात मुलगा नाही म्हणून असेल, किंवा त्यांना खरंच तसं वाटत असेल म्हणून, बारावी झाल्यावर त्यांनी माझा आयटीआयचा फॉर्म भरला. बाकीच्या मुली शिवणकामाला जायच्या. माझा ट्रेड होता रेडिओ आणि टीव्ही मेकॅनिक. वर्गात मी एकटी मुलगी. पहिल्या महिन्यात मुलं माझं स्टूल लपवायची, सोल्डरिंगची तार पळवायची. मी उभ्याने काम करायचे. सर मला वेगळं वागवत नसत, आणि तेच मला सगळ्यात आवडायचं. त्यांचं एकच सांगणं असायचं. सेट बंद आहे म्हणून घाबरायचं नाही, सप्लाय कुठपर्यंत येतोय ते बघायचं आणि तिथून पुढे एकेक पाऊल टाकायचं. जिथे थांबला, तिथे रोग. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मला दिलेला टीव्ही मी सगळ्यांच्या आधी चालू केला होता.

शहाण्णव साली लग्न झालं. रुखवतात भांडी होती, आणि माझ्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी काट्याचा मल्टिमीटर, तारा-भाग डाग देऊन जोडायचं सोल्डरिंग आयर्न आणि एक चिमटा होता. पहिल्याच उन्हाळ्यात घरातला टीव्ही बंद पडला. मी उघडला, फ्यूज आणि एक कपॅसिटर बदलला, टीव्ही लागला. शेजारची माणसं बघायला आली. त्या संध्याकाळी मोठे दीर सासूबाईंना म्हणाले, "आज घरचा उघडला. उद्या लोक दारात सेट आणून ठेवतील. आपल्याला शोभतंय का ते?" सासूबाई काही बोलल्या नाहीत. मीही काही बोलले नाही. वीस वर्षांची होते. मीटर पुन्हा साड्यांखाली गेला आणि बारा वर्षं तिथेच राहिला. माझ्या त्या गप्प बसण्याचा मला पुढे जेवढा राग आला तेवढा दिरांच्या बोलण्याचाही आला नाही.

तर त्या शनिवारी जिना उतरून मी शालिमारच्या बाजारात चालत गेले. फोनच्या पाठीवरचे स्क्रू मी पाहून ठेवले होते. साध्या पेचकसने न उघडणारे, सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचा असलेले. फूटपाथवर एक माणूस हत्यारं मांडून बसला होता. मी फोन काढून स्क्रू दाखवला. त्याने सहा-सात बारीक पेचकसांचा संच पुढे केला आणि विचारलं, "साहेब रिपेरिंग करतात का?"

"नाही. मी करते," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि संच कागदात गुंडाळून दिला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र बसमध्ये बसेपर्यंत ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी ओसरीवर पांढरी चादर अंथरली. पांढरी अशासाठी, की पडलेला स्क्रू दिसावा. मिसळणाचा एक जुना डबा होता, आत सात वाट्या असलेला. तो धुऊन कोरडा केला. ट्रंक उघडून मीटर काढला. मीटरमधला सेल फुटून पांढरी पूड झाली होती. व्होल्टेज मोजायला सेल लागत नाही, पण स्विच तपासायला लागतो. घरात दुसरा सेल नव्हता म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळातला काढला. घड्याळ पावणेदोनला थांबलं.

सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. "हे तुझंच का गं?" मीटरकडे बघत त्यांनी विचारलं.

"माझंच. लग्नाच्या आधीचं."

"एवढी वर्षं कुठं होतं?"

"ट्रंकेत."

त्या लसणाचं ताट घेऊन जवळ सरकल्या.

आधी बॅटरी मोजली. काटा साडेतीन व्होल्टच्या वर गेला, म्हणजे बॅटरी ठणठणीत. चार्जरची पिन मोजली, तीही बरोबर. मग पाठीवरचे स्क्रू काढले आणि ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने वाट्यांत ठेवत गेले. झाकण सुटलं. आतला बोर्ड पहिल्यांदा पाहिला तेव्हा खरं सांगते, हिंमत गेली. आम्ही शिकलो तेव्हाचे सुटे भाग बोटांनी धरता यायचे. इथे राईच्या दाण्याहून बारीक सगळं. मी हात मांडीवर ठेवून थोडा वेळ नुसती बसले. मग सरांचं आठवलं. सप्लाय कुठपर्यंत येतोय ते बघ. बॅटरी जिथे टेकते त्या पितळी पत्त्यांवर हिरवट थर होता, तो खोडरबराने घासून काढला. पत्त्यांवर सप्लाय होता. पुढे बोर्डावरही येत होता. म्हणजे घरात वीज होती, दिवा लावणारा हातच नव्हता.

वरच्या कडेला चालू-बंदचा स्विच होता, तांदळाएवढा. त्याच्याभोवती पांढरा थर जमलेला. मीटरच्या पिना दोन्ही बाजूंना टेकवून मी स्विच दाबला. काटा हलला नाही. पुन्हा दाबला. हलला नाही.

नेमके त्याच वेळी मोठे दीर आत आले. चादरीवर फोनचे तुकडे, डब्यात स्क्रू, भिंतीवर थांबलेलं घड्याळ. ते दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "आई, काय चाललंय हे? कंपनीनं नाय म्हणून सांगितलं, आन् ही खोलून बसली. होता तोबी घालवायचा का?"

मी मान वर केली नाही. पिना हातात तशाच धरून होते. सासूबाई म्हणाल्या, "मला काय विचारतो? मला त्यातलं काय कळतं? ती समोर बसली हाय, तिला विचार."

लसणाची सालं वाऱ्याने चादरीवर आली, ती मी फुंकून बाजूला केली. दीर थोडा वेळ उभे राहिले. त्यांना विचारता आलं नाही आणि जाताही येईना. शेवटी मी मान वर केली आणि त्यांच्याकडे बघून म्हणाले, "दादा, उजेड अडतोय." बारा वर्षांत त्यांच्याशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य असेल. ते बाजूला झाले. मग बाहेर निघून गेले.

मी बॅटरी परत टेकवून धरली आणि चिमट्याच्या टोकांनी स्विचच्या दोन्ही बाजू जोडल्या. एक, दोन, तीन एवढा वेळ. फोन माझ्या तळव्यात थरथरला. पडद्यावर निळा उजेड आला, कंपनीचं चिन्ह आलं, आणि मग मी लावलेला शेवंतीचा फोटो.

"लागला," सासूबाई म्हणाल्या.

"लागला," मी म्हणाले.

बोर्ड गेला नव्हता. काही गेलं नव्हतं. तांदळाएवढा एक स्विच गंजला होता. पण तो गंजला कशाने, हा प्रश्न होताच, कारण लाल ठिपका काही खोटा नव्हता. त्या पांढऱ्या थराला मी बोट लावलं आणि जिभेला लावून पाहिलं. खारट. तेव्हा समजलं. शेतात काम करताना आम्ही साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो. त्याला खिसा असतो, पण वाकलं की खिशातला फोन पडतो. म्हणून मी तो कमरेला खोचायचे, अंगाशी घट्ट. सकाळी सहापासून ऊन चढेपर्यंत, दहा महिने. टायवाला माणूस अर्धा बरोबर होता. पाणी लागलं होतं. पण ते विहिरीचं नव्हतं आणि पाटाचंही नव्हतं. माझ्याच अंगाचं होतं.

सासूबाईंच्या साखरेच्या इंजेक्शनसाठी घरात स्पिरिट असायचं. जुन्या टूथब्रशने स्विच त्याने धुतला, उन्हात वाळवला. पाच वेळा दाबला की एकदा लागायला लागला. तेवढ्यावर भागलं असतं, पण मला ते पटेना. मिस्टरांचा पहिला फोन, पार मेलेला, कपाटात पडून होता. सोमवारी दुपारी मी त्याचा स्विच काढला. माझं आयर्न टीव्हीच्या कामाचं, टोक जाड. त्या टोकाला तांब्याची तार गुंडाळून पुढे बारीक शेंडा काढला आणि त्याने सोल्डरिंग केलं. एकदा चुकून कडेचं प्लास्टिक जळालं आणि तिथे काळा डाग पडला, तो शेवटपर्यंत राहिला. पण स्विच बसला. दाबला की लागायचा, दर वेळी.

मंगळवारी सकाळी सव्वासहाला मी झेंडूचे चार आणि शेवंतीचे तीन फोटो पाठवले. थोड्या वेळाने ठाण्याहून फोन आला. "अहो, लागला का तुमचा फोन? कंपनीने बदलून दिला?"

"नाही," मी म्हणाले. "मी दुरुस्त केला."

"तुम्ही म्हणजे तुम्ही?"

"मीच."

त्या दसऱ्याला आमचा सगळा झेंडू ठाण्याला गेला. मोठ्या दिरांच्या वाफ्यातलाही गेला, कारण माझा कमी पडला आणि मी मिस्टरांकरवी न विचारता स्वतः जाऊन त्यांना विचारलं. त्यांनी जमिनीकडे बघून "न्या" म्हटलं.

इथे ही गोष्ट संपवता आली असती, पण माझ्या पिशवीत तो कागद होता. पाण्याने नुकसान, बोर्ड निकामी. तो कागद मला टोचत राहिला. मिस्टर म्हणाले, "आता कशाला? फोन चालू आहे, माल गेला." मी म्हणाले, "त्याच्यावर खोटं लिहिलंय." दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी पुन्हा त्या दुसऱ्या मजल्यावर गेले.

तोच माणूस होता. मी फोन काउंटरवर ठेवला, बटण दाबलं. पडदा उजळला. शेजारी कागद ठेवला.

त्याने फोन उलटा केला, स्क्रूवरचे ओरखडे पाहिले. "हा कोणी उघडला?"

"मी."

"मग तर वॉरंटी पूर्णच गेली."

"वॉरंटी मागायला आले नाही. बोर्ड निकामी लिहिलंय ते खोडा आणि खरं लिहा. स्विच खराब होता."

"मॅडम, सिस्टीममधून निघालेला कागद असा बदलता येत नाही."

"पेनाने बदला."

तो म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल, आणि साहेब जेवायला गेलेत. मी म्हणाले, थांबते. खुर्चीत बसले. टोकनांचे नंबर लागत राहिले, लोक येत-जात राहिले. कोणाचा पडदा फुटलेला, कोणाचा फोन बंद. एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्याने माझ्यासमोर तोच लाल ठिपका दाखवला आणि तेच वाक्य म्हटलं. मी बसल्या जागेवरून म्हणाले, "काका, उघडून मोजायला सांगा. न मोजता सही करू नका." गृहस्थांनी हातातलं पेन खाली ठेवलं. काउंटरवाल्याने माझ्याकडे पाहिलं, पण आता तो हसला नाही.

साहेब तीनला आले. पन्नाशीचे, चष्मा. त्यांनी मला आतल्या टेबलाशी बोलावलं, भिंग लावून माझा फोन पाहिला. मी बसवलेला स्विच, जळालेला डाग, सगळं.

"आयर्न जाड होतं का?" त्यांनी विचारलं.

"टीव्हीचं आहे."

"स्विच कुठला?"

"जुन्या फोनचा."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "कुठे काम करता तुम्ही?"

"शेतात."

ते पुढची चौकशी करतील असं वाटलं, पण त्यांनी केली नाही. पेन काढलं, 'बोर्ड निकामी' या शब्दांवर आडवी रेघ मारली आणि वर इंग्रजीत लिहिलं, बोर्ड ठीक, चालू-बंद स्विच खराब. कागद माझ्यापुढे सरकवला.

"सही करा," मी म्हणाले. "आणि शिक्का."

त्यांनी सही केली. शिक्क्यासाठी बाहेर जावं लागलं, तेही केलं. बाहेर ते म्हातारे गृहस्थ अजून बसलेले होते. त्यांचा फोन आत उघडायला नेलेला होता. मी त्यांच्याशी काही बोलले नाही. चारच्या बसला अजून वेळ होता, पण वांगी तोडायची राहिली होती आणि दिवस लहान व्हायला लागला होता, म्हणून मी रिक्षा केली.